इंगळे सरांचं तिसरं वर्ष

८ सप्टेंबर, सोमवार

क्रीडा समितीची बैठक. चहा येईपर्यंत विषय संपलेलासुद्धा होता.

मुलींच्या कबड्डीचे प्रशिक्षक इंगळे सर. नेमणूक वर्षावर्षाची, यंदा तिसरं वर्ष. मागची दोन्ही वर्षं आपल्या मुली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच सामन्यात हरून परत. ऑक्टोबरची स्पर्धा झाली की सरांना ठेवायचं की नाही याची शिफारस समितीने एकमताने करायची, असं प्राचार्य म्हणाले. 'एकमताने' म्हणताना माझ्याकडे बघितलं.

समितीत तिघंच. प्राचार्य, संस्थेचे सचिव भाऊसाहेब आणि मी. मी मराठी शिकवते. मुलींचा संघ आहे, एखादी बाई हवी, म्हणून मी. माझी अनू त्याच संघात आहे आणि सर तिला बाहेरच बसवतात, हे चिखलीत सगळ्यांना माहीत. म्हणजे माझं मत त्यांनी आधीच धरून ठेवलंय.

भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, आमच्या वावरात एखादं बियाणं दोन हंगाम नाही आलं, तर तिसऱ्या साली आम्ही ते पेरत नाही. साधी गोष्ट हाये."

सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन भाजी फोडणीला टाकताना चांगलं उत्तर सुचलं. आता लिहून काय उपयोग.

११ सप्टेंबर

शेवटचा तास नव्हता, म्हणून मैदानावर गेले. मत द्यायचं तर निदान बघावं तरी.

इंगळे सरांच्या आधीचे सर, आता निवृत्त, रेषेच्या कडेने पळत पळत ओरडायचे. "डावीकडं! माघं! धर!" आणि मुली तसंच करायच्या. त्यांनी संघ अंतिम सामन्यापर्यंत नेला होता, हे भाऊसाहेब अजून सांगतात. इंगळे सर पाण्याच्या ड्रमवर बसलेले. गप्प. चाळिशीच्या आतलाच माणूस, पण बसतो म्हाताऱ्यासारखा.

ओरडत होत्या मुलीच. सात जणी आत खेळतायत आणि बाकीच्या रेषेवर उभ्या राहून मोठमोठ्याने चुकीचं सांगतायत. पुढे जायचं तेव्हा "माघं ये!" सोडून द्यायचं तेव्हा "धर, धर, धर!" सगळ्यात मोठा आवाज अनूचा. माझी मुलगी जवळजवळ वर्षभर हेच करतेय. रेषेबाहेर उभी राहून खोटं ओरडणं.

सरांना विचारलं, हे काय?

"मॅडम, सामन्यात चारी बाजूनं पब्लिक ओरडते. कोणाचा बाप, कोणाचा काका. पोरी खेळ सोडून त्यायचं ऐकतात. म्हून आत्ताच ओरडून घेतो."

"आणि तुम्ही का नाही सांगत काही?"

"मी ओरडलो तं माझं ऐकतीन. मी काय आत जाणार हाये काय?"

पहिल्या वर्षी कसे हरलो तेही सांगितलं. मैदानाच्या दोन्ही कडांना एक एक पट्टा आखलेला असतो, लॉबी. समोरची चढाई करायला आली की तिचा स्पर्श होईपर्यंत त्या पट्ट्यात पाऊल टाकायचं नाही. टाकलं की बाद, आणि गुण त्यांना. आपल्या मुली एकामागून एक तिथेच बाद झाल्या.

"वावरात खेळून मोठ्या झाल्या पोरी. तिथं कुठची लॉबी? बांध लागला की मैदान संपलं."

हे सांगताना सर पहिल्यांदा हसले.

१२ सप्टेंबर

सकाळी अनूला म्हटलं, तुला बाहेर का ठेवतात गं?

"आई, तू समितीत आहेस. माझ्याशी हे बोलायचं नाही."

दार लावून घेतलं. मग आतून, "आणि सर वाईट नाहीयेत. बोअर आहेत फक्त."

१९ सप्टेंबर

आज सर आवडले नाहीत.

ज्यांनी सोयाबीन लवकर पेरलं होतं त्यांची सोंगणी, म्हणजे कापणी, सुरू झाली. पूजा, आपली कप्तान, धाड गावाजवळच्या खेड्यातली, रोज सकाळच्या एस.टी.ने येते. चार दिवस आलीच नाही. आणखी दोघी नाहीत. मी म्हटलं, सर, तुम्ही एकदा घरी जाऊन बोला ना त्यांच्या. स्पर्धा तोंडावर आहे.

"ज्याच्या घरी काम हाये त्यानं काम करावं. मी कोणाच्या दारात जात नाही मॅडम."

असं कसं? शिक्षकाने जायला नको? मी गेलेय किती जणींच्या घरी. वरून त्यांचा तो ड्रम, ते गप्प बसणं. मनात आलं, हा माणूस शांत आहे की नुसताच आळशी? दोन वर्षांत हे कोणालाच कळलं नाही, मलाही नाही.

मीच पूजाच्या आईला फोन लावला. पलीकडून वाऱ्याचा आवाज.

"मॅडम, माणसंच भेटून नाही राह्यले सोंगायले. पोरगी नाही आली तं शेंगा फुटतीन. सोमवारी धाडतो तिले. तुमच्या सरले सांगा, रागवू नोका म्हना."

सर रागावलेच नव्हते. त्याचाच मला जास्त राग आला.

२२ सप्टेंबर

पूजा आली. बोटांवर, मनगटांवर ओरखडे. सरांनी काही विचारलं नाही. तिच्या हाताला चिकटपट्टी गुंडाळली आणि आत पाठवलं. संध्याकाळी तिच्या बसपर्यंत सोबत म्हणून स्टँडवर गेले. म्हटलं, सर रागावतील असं वाटलं होतं का?

"नाही जी. ते रागवत नाहीत हेच तं बेक्कार हाये. आपलं आपल्यालेच मग लागते."

२६ सप्टेंबर

जिन्यात प्राचार्य भेटले. आवाज अगदी मऊ. "मॅडम, तुमच्या मुलीवर अन्याय होतोय हे आम्हाला दिसतं हो."

"बघू" एवढंच मी म्हणाले आणि वर्गात गेले. 'बघू' हा काय शब्द आहे. चिडायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी बरं वाटलं. कोणाला तरी दिसतंय.

घरी अनूच्या बाबांना, सुधीरला सांगितलं. तो भाकरी कुस्करत म्हणाला, "बाहेर पड समितीतून. ठेवा म्हणालीस तर लोक म्हणतील, पोरीची जागा पक्की केली. काढा म्हणालीस तर म्हणतील, सूड घेतला."

"मग काय करू?"

"आजारी पड."

आणि ताक मागितलं.

३० सप्टेंबर

वर्गात शिकवता शिकवता मध्येच थांबले. पहिल्या बाकावरची म्हणाली, मॅडम, बरं नाही का?

बरं होतं. विचार आला होता फक्त. मी कायम नोकरीत. सुरुवातीची कित्येक वर्षं पुस्तकातून डोकं वर काढायची हिंमत नव्हती माझ्यात. मुली खिडकीबाहेर बघत बसायच्या. शिकवणं कधी जमायला लागलं, आठवत नाही. कोणी विचारलं नाही की बाई, अजून किती वेळ घेणार. माझा निकाल शिट्टी वाजवून चार लोकांसमोर लागत नाही.

पण म्हणून त्यांना कितीही वेळ द्यायचा का? मुलींची वर्षंही जातातच ना. गेल्या वर्षी ज्या शेवटच्या वर्षाला होत्या त्यांच्या वाट्याला काय आलं? एक सामना. एस.टी. एक वडापाव. एस.टी.

७ ऑक्टोबर

सात जणींची नावं लागली. अनू राखीव. रडली नाही. दोन ताटं घासली, आज तिची पाळी नसताना.

९ ऑक्टोबर, गुरुवार. खामगाव

मुलींबरोबर एक बाई लागतेच, म्हणून मी आलेय. मुक्काम एका शाळेत, बाकं बाजूला सारून.

पहिला सामना जिंकलो!

मला नीट वर्णन करता यायचं नाही. एवढंच दिसलं की समोरच्या मुली दर वेळी त्यांच्या सरांकडे बघत होत्या आणि आपल्या बघत नव्हत्या. त्यांची एक चढाई करायला आली, लॉबीच्या अगदी काठाने नाचत गेली. बाहेरचे सगळे ओरडतायत, "धर! धर!" आपल्या मुली रेषेच्या आत जिथल्या तिथे. खांबासारख्या. हसू आणि रडू एकदम आलं.

सर खुर्चीवर. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेले. म्हणजे आळशी नाही. हे आज कळलं.

सुधीरला फोन. म्हणाला, आता आजारी पडू नकोस.

उद्या दुसरा सामना. भाऊसाहेब गाडी घेऊन येणार म्हणे.

१० ऑक्टोबर

हरलो. नंतर लिहीन.

१२ ऑक्टोबर, रविवार

लिहितेच.

सामना बरोबरीत. अगदी शेवटची चढाई, त्यांची. ती गुणाशिवाय गेली तर सामना पाच-पाच चढायांवर जाणार होता. त्याआधीच्या पकडीत आपल्या डाव्या कोपऱ्यावरच्या मुलीचा गुडघा दुखावला. सर उठले, राखीव मुलींकडे बघितलं आणि अनूला आत पाठवलं. काही सांगितलं नाही तिला. नुसती मान हलवली.

मी प्रेक्षकांत, दोरीला लागून. भाऊसाहेब माझ्या मागे. सगळं मैदान ओरडत होतं.

त्यांची मुलगी आली. उंच, शांत. मधून न जाता सरळ अनूच्या कोपऱ्यावर. काठाकाठाने. अनू गुडघ्यात वाकून तिच्या पायांकडे बघत होती. मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. घरी ती असं कशाकडेच बघत नाही. ती थांबणार होती. मला दिसत होतं की ती थांबणार आहे.

आणि मी ओरडले.

"अनू, धर!"

का? मला कबड्डीतलं काही कळत नाही. मुलगी आत होती, वर्षभराने आत होती, आणि समोरची दोन हातांवर. तोंडातून निघून गेलं.

अनू झेपावली. हात हवेत. पाऊल लॉबीत. शिट्टी.

एका गुणाने.

सर अनूजवळ गेले. मी जवळच होते, ऐकू आलं. एवढंच विचारलं, "कोणाचं ऐकलंस?"

"कोणाचंच नाही, सर."

माझ्याकडे बघितलं नाही तिने. परतीच्या बसमध्ये पूजाच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली, चिखली येईपर्यंत.

१३ ऑक्टोबर

कॉलेजात एकच बोलणं. ऐन वेळेला मॅडमच्या पोरीला उतरवलं. नवखी. का उतरवलं? मत पाहिजे होतं म्हणून. स्टाफरूममध्ये मी आले की विषय बदलतो. शिपाई श्यामरावांनी तेवढं तोंडावर म्हटलं, "काऊन टाकलं हो ताई तुमच्या पोरीले शेवटी? सरचं डोकं फिरलं व्हतं काय?"

म्हणजे माझ्या एका ओरडण्याचं बिल त्यांच्या नावावर.

अनू घरात येते, जाते. जेवते.

१४ ऑक्टोबर

संध्याकाळी ती फराळाच्या चकल्यांचं पीठ मळायला आली, आपणहून. मी सोऱ्या धुवत होते. पाठ तिच्याकडे.

"अनू, तुला ऐकू आलं होतं?"

परातीत पीठ आपटल्याचा आवाज.

"आई, सगळ्यांचे आवाज बंद करता येतात मला. पूजाचे बाबा ओरडले तरी. भाऊसाहेब ओरडले तरी. मीच तर शिकवलंय सगळ्यांना, वर्षभर ओरडून." मग, "तुझा प्रॅक्टिसला कधी नव्हता."

मी वळले नाही. वळले असते तर रडले असते आणि मग तिला मला समजवावं लागलं असतं.

"सरांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? आई ओरडली म्हणून? मी काय केजीत आहे?"

पुढे म्हणाली, "मला का बाहेर ठेवलं होतं, माहितीये? म्हणाले, तुले बाहेरून सगळं दिसते. आतून दिसायले लागलं की घेतो. त्या दिवशी दिसत होतं, आई. खरंच दिसत होतं."

उद्या बैठक.

१५ ऑक्टोबर, बुधवार

प्राचार्यांनी शिफारस लिहूनच आणली होती. 'ऐनवेळी अननुभवी खेळाडूस उतरवण्याचा चुकीचा निर्णय', वगैरे. खाली तीन सह्यांची जागा.

मी म्हटलं, ती खेळाडू माझी मुलगी आहे आणि ती माझ्या ओरडण्यामुळे बाद झाली. सरांचा निर्णय बरोबर होता. हे लिहा आधी.

प्राचार्य हातातल्या पेनाचं टोपण काढत, लावत बसले. भाऊसाहेब मोठ्याने हसले. "आता समितीच्या कागदावर मायचं ओरडणं लिहायचं काय, मॅडम? लोक हसतीन."

"हसू देत."

हसणं थांबलं. टेबलाकडे बघत म्हणाले, "ओरडलो तं आम्ही बी होतो. तुमच्या माघंच होतो मी." मग लगेच, "पण ओरडलं तरी जिंकवते त्याले प्रशिक्षक म्हणतात. जुन्या सरनं जिंकवलं नसतं काय?"

"जुन्या सरांच्या मुली फक्त त्यांचंच ऐकायच्या. ते गेले आणि पुढच्या वर्षी त्याच मुली हरल्या. ते वर्ष इंगळे सरांच्या खात्यात का धरायचं?"

हे बरं सुचलं. वेळेवर सुचलं, हे विशेष.

भाऊसाहेब खुर्चीत मागे टेकले. "ठीक हाये. मग तुम्हीच सांगा, किती वर्षं द्यायची माणसाले? पाच? धा? पोरी म्हाताऱ्या होईस्तोर?"

मी म्हटलं, पूजा, अनू आणि त्यांच्याबरोबरच्या मुली पहिल्या दिवसापासून यांच्याच हाताखाली आहेत. त्यांचं अजून एक वर्ष बाकी आहे. त्या बाहेर पडेपर्यंत द्या. मग बघा काय घेऊन बाहेर पडतात ते.

"म्हणजे तुमची पोरगी बाहेर पडेपर्यंत."

ते चुकीचं बोलत नव्हते. रात्रंदिवस विचार करून मी जो हिशेब काढला, तो नेमका माझ्या घराच्या दारात येऊन संपत होता. तरी मला तोच बरोबर वाटतो. दोन्ही खरं असू शकतं का? ती दुसऱ्या कोणाची मुलगी असती तर… माहीत नाही.

सही केली नाही. एकमत झालं नाही. भाऊसाहेब उठता उठता म्हणाले, "दिवाळीनंतर संस्थेत ठेवू विषय. तिथं तुम्ही नसान मॅडम." रागावून नाही. सांगून ठेवल्यासारखं.

दाराशी थांबले. "पाय चांगले हायेत पण पोरीचे."

१६ ऑक्टोबर

सरांशी मैदानावर गाठ पडली. बैठकीतलं त्यांच्या कानावर गेलेलं दिसलं. आभार नाही, काही नाही. "मॅडम, तुम्ही असं लिहा म्हणायले नव्हतं पाहिजे. आता पोरीले चिडवतीन सगळे."

म्हटलं, दिवाळीनंतर काय करणार तुम्ही? नाही ठेवलं तर?

"गावाकडं वावर हाये." आणि थोडं थांबून, "सोंगणी मले बी येते."

मग ड्रमवर जाऊन बसले. नेमणुकीचं ठरेपर्यंत सराव बंद ठेवा, असं कोणी त्यांना सांगितलेलं नाही. म्हणून चालू आहे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

अनू घामाने भिजलेली आली. पाणी प्यायली, तांब्या ठेवला. ठेवून उभीच राहिली.

"सरांनी तुला उद्या बोलावलंय. ग्राउंडवर."

"मला? कशाला?"

"ओरडायला."

मला कळेना.

"रेषेवर उभं राहून मला चुकीचं सांगायचं. मी आत. सर म्हणाले, तुझ्या मायले म्हना, त्या दिवशीसारखंच पाहिजे. लाजायचं नाही." मग तोंड फिरवून, "दिवाळीपर्यंत रोज, म्हणाले. पुढचं पुढं."

सुधीर पेपरमागून म्हणाला, "आता मात्र आजारी पडून चालणार नाही."

दिवाळीच्या सुट्टीतही पूजा एस.टी.ने येणार आहे म्हणे. त्या मुली कशासाठी येतायत, नोव्हेंबरात त्या ड्रमवर कोण बसलेलं असेल, कोणालाच ठाऊक नाही. सरांनाही नाही.

उद्या सकाळी साडेसहाला. मघाशी न्हाणीघरात दार लावून हळूच एकदा म्हणून बघितलं, "अनू, धर." आवाज फुटेना. मीठ घालून पाणी गरम करत ठेवलंय.